डेस्कटॉपची पॉवर सेटिंग्ज आणि लॉक: दोन्ही एकाच बैठकीत लावून टाका

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉपबद्दल दोन तक्रारी सारख्या कानावर येतात. एक म्हणजे मशीन दिवसरात्र चालूच राहतं, बंद करायचं कोणाच्या लक्षातच राहत नाही. दुसरी म्हणजे आपण उठलो की दुसरं कोणीतरी येऊन बसतं आणि मग काहीतरी उडतं, काहीतरी इन्स्टॉल होतं, कोणाचा तरी मेल उघडा दिसतो. पहिल्या तक्रारीसाठी लोक पॉवर सेटिंग्जमध्ये शिरतात, दुसरीसाठी अँटीव्हायरस शोधत बसतात. मला विचाराल तर प्रश्न एकच आहे, तुम्ही खुर्चीवरून उठल्यावर मशीनने काय करायचं? हे एकदा ठरवलं की वीजही वाचते आणि दारही बंद होतं, म्हणून दोन्ही सेटिंग्ज एकाच बैठकीत लावा असा माझा आग्रह आहे.

आधी एक गोष्ट, जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. स्क्रीन बंद होणं म्हणजे मशीन लॉक होणं नाही. बऱ्याच डेस्कटॉपवर ठरलेल्या मिनिटांनी मॉनिटर काळा होतो आणि आपल्याला वाटतं झालं, पण कोणी नुसता माउस हलवला की सगळं जसंच्या तसं समोर. मेल, बँकेचं पान, अर्धवट लिहिलेलं पत्र, सगळं. विंडोजमध्ये साइन-इन ऑप्शन्समध्ये 'तुम्ही दूर गेलात तर परत साइन-इन कधी मागायचं' अशा अर्थाचं एक सेटिंग असतं, तिथे डेस्कटॉपवर बहुतेक वेळा दोनच पर्याय दिसतात, कधीच नाही किंवा पीसी स्लीपमधून उठल्यावर. म्हणजे मशीन स्लीपमध्ये गेलंच नाही तर पासवर्ड विचारलाच जाणार नाही. आणि आपण मोठी फाइल डाउनलोडला लावायची म्हणून स्लीप 'नेव्हर' करून ठेवलेलं असतं. इथेच घोडं पेंड खातं.

यावर जुनाच पण खात्रीचा उपाय म्हणजे स्क्रीन सेव्हर. हो, तोच. पूर्वीच्या सीआरटी मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग कायमचा बसायचा म्हणून स्क्रीन सेव्हर आले, आताच्या एलसीडीला त्याची तशी गरज नाही, पण त्याच खिडकीत 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' अशी एक टिक आहे आणि आपल्याला हवी आहे ती फक्त ती टिक. स्क्रीन सेव्हर 'ब्लँक' ठेवा, वेळ ५ मिनिटं, टिक लावा. मग स्क्रीन १० मिनिटांनी बंद आणि स्लीप ३० मिनिटांनी. वेळा तुमच्या सवयीप्रमाणे कमीजास्त करा, पण क्रम हाच ठेवा, आधी लॉक, मग अंधार, मग झोप.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उठताना विंडोजचं बटण आणि एल. दोन बोटं, अर्धा सेकंद. वरचं सगळं आपण विसरलो तर मागे आधार म्हणून आहे, खरी सवय हीच.

विजेचा हिशोबही करून बघा. समजा मशीन नुसतं चालू असताना मॉनिटर सोडून ६० वॉट खातं (गेमिंगवाल्यांचं जास्त असेल, छोट्या डब्यांचं बरंच कमी), आणि रोज १४ तास कोणी त्याला हात लावत नाही. ६० गुणिले १४ म्हणजे ८४० वॉट-तास, रोजचं पाऊण युनिटाहून जास्त, महिन्याला २५ युनिटं. स्लीपमध्ये तेच मशीन काही वॉटवर येतं. काम काहीच न करता जाणारी ही वीज आहे.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा, मला जमेल तेवढी उत्तरं देतो.

---

प्रतिसाद १

चांगला विषय. पण माझा प्रॉब्लेम उलटा आहे. मी मशीन स्लीपला टाकतो आणि ते आपोआप उठतं, रात्री मध्येच पंखा सुरू झाल्याचा आवाज येतो, सकाळी बघावं तर चालू. शेवटी वैतागून स्लीप वापरणंच सोडलं. काय करावं?

---

धागाकर्ता

सोडू नका, कारण सापडतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजीत पॉवर आणि सीएफजी एकत्र लिहून स्पेस, स्लॅश, लास्टवेक असं टाइप करा. शेवटचं कोणी उठवलं ते ती कमांड सांगते. त्याच पद्धतीने लास्टवेकच्या जागी वेकटायमर्स लिहिलं तर पुढे कोणी गजर लावून ठेवलाय का ते कळतं, आणि रिक्वेस्ट्स लिहिलं तर आत्ता कोण झोपू देत नाहीये ते (एखादा ब्राउझर मागे व्हिडिओ धरून बसलेला असतो, नाहीतर ऑडिओचा ड्रायव्हर).

नेहमीचे संशयित तीन. माउस, टेबलाला नुसता धक्का लागला तरी ऑप्टिकल माउसला हालचाल दिसते. नेटवर्क कार्ड, राउटरकडून काहीतरी आलं की ते मशीनला उठवतं. आणि तिसरा वेक टायमर, म्हणजे अपडेट किंवा मेंटेनन्सचं ठरलेलं काम. माउसचं निस्तरायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या प्रॉपर्टीज उघडून पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमधली 'या डिव्हाइसला कॉम्प्युटर उठवू दे' ही टिक काढायची, कीबोर्डची मात्र राहू द्या, नाहीतर उठवायला दरवेळी खाली वाकून बटण दाबावं लागेल. नेटवर्क कार्डला तिथेच 'फक्त मॅजिक पॅकेट' असा पर्याय असतो, तो लावला की कोणी मुद्दाम उठवल्याशिवाय ते उठणार नाही. टायमरसाठी अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये स्लीपच्या खाली 'अलाऊ वेक टायमर्स' आहे.

सगळं एकदम बदलू नका. आधी लास्टवेक काय म्हणतं ते बघा आणि तेवढंच बदला.

---

प्रतिसाद २

मी रोज रात्री शट डाउन करतो. स्लीप वगैरे भानगडच नाही. शट डाउन केलं की वीजही शून्य आणि सुरक्षाही पूर्ण, एवढं सोपं असताना इतकं का वाढवायचं?

---

धागाकर्ता

रात्रीसाठी शट डाउन उत्तमच आहे, त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण दिवसभरात तुम्ही उठता, जेवायला जाता, फोनवर बोलत बाहेर जाता, तेव्हा कोणी शट डाउन करत नाही आणि नेमका तोच वेळ उघडा राहतो.

शिवाय तुमचं शट डाउन खरंच शट डाउन आहे का हेही तपासा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे आणि ती बऱ्याच मशीनवर आपोआप चालू असते. त्यात शट डाउन म्हटल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा आतला गाभा म्हणजे कर्नल डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणून मशीन लवकर सुरू होतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे खाली 'अप टाइम' बघा. रोज बंद करूनही तिथे बरेच दिवस दिसत असतील तर हेच कारण. रीस्टार्ट मात्र खरा असतो, त्यात सगळं नव्याने सुरू होतं. त्यामुळे एखादा ड्रायव्हर अडला, प्रिंटर रुसला तर बंद-चालू करून उपयोग होत नाही आणि रीस्टार्ट केल्यावर चालतो, हे कोडं वाटतं ते यामुळेच. पूर्ण बंद हवं असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शट डाउनवर क्लिक करा.

आणि स्विच बंद केल्याशिवाय वीज अगदी शून्यही होत नाही हं, एसएमपीएसला (म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्याला) स्टँडबायला थोडी लागतेच, पण ती फारच थोडी.

---

प्रतिसाद ३

फास्ट स्टार्टअपबद्दल +१. ड्युअल बूट करणाऱ्यांनी (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी) तर ते बंदच ठेवावं. विंडोजने ते ड्राइव्ह अर्धवट अवस्थेत ठेवलेलं असतं आणि लिनक्समधून तिथे लिहायला गेलं की एकतर तो फक्त वाचायला देतो नाहीतर डेटा बिघडायची भीती. लिनक्सवाल्यांसाठी सांगतो, लॉक आणि स्लीप तिथेही वेगळ्याच गोष्टी आहेत, सेटिंग्जमध्ये स्क्रीन ब्लँक झाल्यावर आपोआप लॉक व्हावं हा पर्याय आणि तो किती वेळाने हे दोन्ही बघून घ्या, नाहीतर तीच गत, अंधार पण दार उघडं.

---

प्रतिसाद ४

घरात आईबाबा पण हाच पीसी वापरतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. पासवर्ड लावला की बाबा म्हणतात आम्हाला जमत नाही, काढून टाक. लॉक ठेवायचं तर त्यांची पंचाईत, काढायचं तर सगळ्यांचं सगळं उघडं. यावर काही मधला मार्ग आहे का?

---

धागाकर्ता

आहे आणि चांगला आहे. त्यांना वेगळं खातं करून द्या आणि ते 'स्टँडर्ड' ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नको. त्या खात्याला पिन लावा. ही पिन फक्त त्याच मशीनपुरती असते, दुसऱ्या मशीनवरून तुमच्या खात्यात शिरायला तिचा उपयोग नाही, त्यामुळे लांबलचक पासवर्डऐवजी त्यांच्या लक्षात राहील असे सहा आकडे ठेवले तरी चालतं. चुकूनही जन्मतारीख नको. डेस्कटॉपवर त्यांना लागतात तेवढीच चित्रं ठेवा आणि अक्षरं मोठी करून द्या, मग ते खातं त्यांना आपलं वाटायला लागतं. जमत नाही ही तक्रार बऱ्याचदा पासवर्डपेक्षा स्क्रीनवरच्या गर्दीची असते.

स्टँडर्ड खात्याचा मोठा फायदा असा की पूर्ण मशीनवर काही इन्स्टॉल व्हायला लागलं की विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. समजा एखाद्या पानावर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे, या नंबरला फोन करा' असं मोठ्या आवाजात आलं आणि त्यांनी घाबरून दिसेल ते दाबलं, तरी बरंचसं तिथेच अडतं. हे माझ्या मते घरच्या मशीनवरचं सगळ्यात उपयोगी एकमेव पाऊल आहे, अँटीव्हायरसच्याही आधीचं. आणि तुम्ही स्वतःसुद्धा रोजच्या कामाला स्टँडर्ड खातंच वापरा, अ‍ॅडमिनचं वेगळं ठेवा, पासवर्ड फक्त इन्स्टॉल करताना द्या. सुरुवातीला कटकट वाटेल, मग वाटणार नाही.

त्यांना एक गोष्ट शांतपणे बसवून सांगा. असली धमकीवजा खिडकी आली तर काहीही न दाबता तुम्हाला बोलवायचं. ती निव्वळ वेबपेज असते, पूर्ण स्क्रीनभर पसरलेली. एस्केप थोडा वेळ दाबून ठेवा, नाहीतर आल्ट-एफ४, तेही नाही झालं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद. आणि कुठलीही खरी कंपनी स्वतःहून फोन करून 'स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाका' असं सांगत नाही, हे वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्या म्हणा हवं तर.

---

प्रतिसाद ५

वीज जाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाहीये म्हणून लिहितो. डेस्कटॉपला बॅटरी नसते. स्लीपमध्ये सगळं रॅममध्ये असतं आणि वीज गेली की रॅम रिकामी. म्हणून डेस्कटॉपसाठी हायब्रिड स्लीप नावाची गोष्ट आहे, त्यात मशीन झोपतं पण रॅममधलं सगळं डिस्कवरही लिहून ठेवतं, वीज राहिली तर झटकन उठतं, गेली तर डिस्कवरून उचलतं. अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये 'अलाऊ हायब्रिड स्लीप' चालू आहे ना ते बघा, डेस्कटॉपवर बहुतेक असतं. काहीजण डिस्कची जागा वाचवायला हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद करणं) बंद करून टाकतात, त्याबरोबर हे पण जातं आणि फास्ट स्टार्टअप पण.

दुसरं, ज्यांच्याकडे यूपीएस आहे त्यांनी मागे बघा, बऱ्याच यूपीएसला यूएसबीचं पोर्ट असतं आणि सोबत केबलही येते, जी लोक खोक्यातच ठेवतात. ती केबल पीसीला लावली की विंडोजला यूपीएस बॅटरीसारखी दिसते, कोपऱ्यात बॅटरीचं चिन्हही येतं. मग पॉवर सेटिंग्जमध्ये बॅटरीचा विभाग उघडतो आणि तिथे सांगता येतं की चार्ज अमुक इतक्यावर आला की हायबरनेट कर. म्हणजे तुम्ही घरात नसताना वीज गेली तरी मशीन नीट बंद होतं. केबल नसेल तर यूपीएस नुसती शिट्ट्या मारत राहते आणि शेवटी मशीन धाडकन बंद.

---

धागाकर्ता

हा प्रतिसाद मूळ लेखातच हवा होता. त्या खोक्यातल्या केबलचं सगळ्यांनी आजच बघा.

त्यात एवढंच घालतो, बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या, मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) 'वीज परत आल्यावर काय करायचं' असं एक सेटिंग असतं, बंदच राहा, चालू हो किंवा आधी होतं तसं. घरच्या मशीनला 'बंदच राहा' ठीक. वीज चारदा येते-जाते तेव्हा मशीनने प्रत्येक वेळी उठायची धडपड करावी हे बरं नाही.

---

प्रतिसाद ६

पासवर्ड लावला तरी कोणी हार्ड डिस्कच काढून नेली तर? असं वाचलंय की दुसऱ्या मशीनला लावली की सगळं दिसतं.

---

धागाकर्ता

बरोबर वाचलंय. लॉगिनचा पासवर्ड विंडोजच्या दारावर असतो, डिस्कवरचा मजकूर मात्र उघडाच असतो. त्यासाठी एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात मजकूर ठेवणं. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होममध्ये काही मशीनवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने तेच साध्या रूपात मिळतं, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट, लिनक्समध्ये लक्स.

पण चालू करायच्या आधी रिकव्हरी की. बिटलॉकरची की ४८ आकड्यांची असते. बायोस अपडेट केला, मदरबोर्ड बदलला किंवा आत काही मोठा बदल झाला की मशीन सुरू होताना ती मागू शकतं आणि ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला मिळणार नाही, कोणी मागच्या दाराने काढूनही देऊ शकत नाही. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की बऱ्याच मशीनवर हे आपोआप चालू होतं आणि लोकांना पत्ताही नसतो, रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन पडलेली असते. म्हणून आत्ता सेटिंग्जमध्ये बघा चालू आहे का, असेल तर की कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. त्याच पीसीवर टेक्स्ट फाइल करून ठेवू नका, गरज लागेल तेव्हा तीच फाइल कुलपाच्या आत असेल.

इथेही पॉवरचा संबंध येतोच बघा. मशीन स्लीपमध्ये असताना एन्क्रिप्शनची किल्ली रॅममध्येच असते. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद टिकतो आणि चिप थंड केली तर मिनिटंही, तेवढ्यात किल्ली काढता येते. घरी कोणी एवढं करणार नाही, घाबरायचं कारण नाही. पण बरेच दिवस बाहेर जाताना मशीन स्लीपवर न ठेवता हायबरनेट किंवा पूर्ण बंद करून जा.

---

प्रतिसाद ७

अपडेटचं काय? आमच्याकडे काम चालू असताना रीस्टार्ट मागतं म्हणून एकाने अपडेटच बंद करून ठेवलेत. आणि अजून विंडोज १० आहे.

---

धागाकर्ता

अपडेट बंद करणं हा उपाय नाही, कृपया चालू करायला लावा. २०१७ च्या १२ मे ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) पसरला, जगभर मशीन्स कुलूपबंद झाली, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांची कामं अडली. ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळपास दोन महिने हातात होते. ज्यांनी अपडेट लावला होता त्यांच्यात तो त्या वाटेने शिरूच शकत नव्हता.

रीस्टार्टच्या त्रासावर 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' आहे, तुमच्या कामाच्या वेळा तिथे टाका, त्या वेळात ते स्वतःहून रीस्टार्ट करणार नाही. आणि आठवड्यातून एक दिवस ठरवून काम संपल्यावर स्वतः रीस्टार्ट करा, कारण जे लोक कायम स्लीपच वापरतात त्यांचे अपडेट डाउनलोड होऊन नुसते लटकलेले असतात, रीस्टार्ट झाल्याशिवाय बरेचसे लागत नाहीत.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालत राहील, पण वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली नसेल तर नवी भोकं उघडीच राहतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची चिप) लागतं, बऱ्याच मशीनवर ते असूनही बायोसमध्ये बंद असतं, तेव्हा मशीन भंगारात काढायच्या आधी तिथे एकदा बघा. अगदीच नसेल तर वाढीव अपडेट नाहीतर लिनक्स, पण बँकेची कामं करायचं मशीन तसंच ठेवू नका.

---

प्रतिसाद १

लास्टवेक केलं. नेटवर्क कार्डच निघालं! मॅजिक पॅकेटची टिक लावली, रात्री मशीन शांत झोपलं. स्क्रीन सेव्हरची टिकही लावली आहे. एक विचारायचं राहिलं, रात्री बॅकअप लावलेला असतो बाहेरच्या डिस्कवर, आता मशीन झोपणार तर तो कसा होणार?

---

धागाकर्ता

वा, छान झालं.

बॅकअपसाठी दोन रस्ते. टास्क शेड्यूलरमध्ये त्या कामाच्या कंडिशन्समध्ये 'हे काम करायला कॉम्प्युटरला उठव' अशी टिक आहे, ती लावा आणि पॉवर सेटिंग्जमध्ये वेक टायमर चालू ठेवा. बॅकअपचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर त्यात तसा पर्याय आहे का बघा. किंवा सरळ बॅकअपची वेळ दुपारी तुम्ही बसलेले असताना ठेवा. मला दुसरं जास्त आवडतं, कारण बॅकअप अडला तर तो डोळ्यांसमोर अडतो.

आणि बॅकअप झाला की ती डिस्क इजेक्ट करून काढून ठेवा. रॅन्समवेअर शिरलं तर ते जोडलेल्या सगळ्या डिस्क धरतं, कायम लावून ठेवलेल्या बॅकअपलाही सोडत नाही. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत उघडूनही बघा, नुसतं 'कम्प्लीटेड' लिहून आलं यावर जाऊ नका.